बेटांचा वर्षावास

पाठीवर सॅक, पायांत सपाता, कमरेच्या पट्ट्यात पारपत्र आणि मोबाइलमध्ये आधीच आखून ठेवलेला बेटांचा क्रम, एवढ्या सरंजामानिशी थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरणाऱ्या जोडप्यांत अलीकडे मराठी जोडप्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने भारतीयांना व्हिसाची अट माफ केल्यापासून तर, ज्या घरांची मजल एके काळी मुरुड-हर्णैपलीकडे जात नसे त्या घरांतूनही फुकेत आणि क्राबी ही नावे दापोली-गुहागरच्या सहजतेने उच्चारली जाऊ लागली आहेत. या प्रवासाचा मार्ग आता पुरता रुळला आहे. बँकॉकहून रात्रीची आगगाडी धरायची, पहाटे चुम्फोनला उतरायचे, तेथून बोटीने को ताओ, मग को फांगान, मग को सामुई. नंतर मुख्य भूमीवर परतून, द्वीपकल्पाचा चिंचोळा पट्टा ओलांडून पश्चिमेस क्राबी, क्राबीहून फी फी, फी फीहून लान्ता आणि सवड उरलीच तर अगदी मलेशियाच्या सरहद्दीशी टेकलेले लीपे. घरी परतल्यावर आप्तेष्ट ‘किती बेटे केलीत?’ असे विचारतात आणि जोडपे अभिमानाने आकडा सांगते.

मला खुपतो तो हा आकडा. प्रवास नव्हे, तारुण्य नव्हे, आणि स्वस्ताईची हौस तर मुळीच नव्हे. तरुण माणसांनी थोडक्या पैशांत परमुलूख पाहावा, तिथल्या आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात बसावे, रस्त्याकडेच्या गाडीवर जेवावे आणि बोलता न येणाऱ्या भाषेत खाणाखुणांनी घासाघीस करावी, याहून अधिक उपयुक्त शिक्षण आमच्या विद्यापीठांनी अद्याप शोधून काढलेले नाही. परंतु उष्णकटिबंधातील लहान बेटांना वर्षातून काही महिने माणसांपासून सक्तीची विश्रांती मिळाली पाहिजे, तिचा हुकूम तिथल्या सरकारने काढून तो बंदोबस्ताने पाळून घेतला पाहिजे, आणि असा हुकूम सर्वत्र निघेपर्यंत सॅकवाल्या जोडप्याने तो आपल्यापुरता, एकाच बेटावर मुक्काम ठोकून, अंमलात आणावा, असे माझे मत आहे. आणि ते कसे बनले हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या मार्गाची पहिली ठळक आखणी एका जोडप्यानेच केली आहे. १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवविवाहित दांपत्य एक जुनी व्हॅन घेऊन लंडनहून निघाले, काबूलमध्ये ती व्हॅन त्यांनी विकून टाकली, आणि आशिया खंड खुष्कीने व जलमार्गाने ओलांडून ते सिडनीला पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ अवघे सत्तावीस सेंट शिल्लक होते. लोक विचारू लागले की हे तुम्ही जमवलेत कसे. त्याचे उत्तर म्हणून १९७३ मध्ये त्यांनी शंभर पानांच्याही आतले एक पुस्तक स्वतःच छापून काढले, आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था जन्माला आली. १९७५ साली सिंगापूरच्या एका साध्या हॉटेलात बसून त्यांनी आग्नेय आशियावरचे जे दुसरे पुस्तक सिद्ध केले, ते पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक पुढे दोन पिढ्यांच्या सॅकमध्ये गीता-बायबलाच्या निष्ठेने वागवले गेले. कोठे उतरावे, किती पैसे द्यावेत, कोणती होडी किती वाजता सुटते, ही माहिती एकदा छापली गेली, की ती वाचणारे सारेजण एकाच होडीत बसतात, हा त्या ग्रंथाचा अनपेक्षित परिणाम होता, आणि त्याचा दोष व्हीलर दांपत्याला देणे म्हणजे पंचांगकर्त्याला ग्रहणाबद्दल जबाबदार धरण्यापैकी होईल.

या प्रवाशांच्या बाजूने जे बोलता येण्याजोगे आहे तेही बोलून टाकतो, कारण सॅकवाल्याकडे नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे आणि मी त्याचा सभासद नाही. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याचा पैसा बहुधा हॉटेलाच्या मालकाबरोबर राजधानीस किंवा परदेशी जातो. सॅकवाल्याचा पैसा मात्र बांबूच्या झोपडीच्या मालकिणीकडे, केळे घालून रोटी भाजणाऱ्या मुसलमान विक्रेत्याकडे (ही रोटी हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्यांनीच नेली), आणि ‘लाँगटेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब दांड्याच्या होडीच्या तांडेलाकडे जातो. मोटारीचे जुने इंजिन एका लांब दांडीच्या टोकाला पंखा बसवून चालवणारी ही होडी मोठी डौलदार असते. तिच्या उंच नाळेवर रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, कारण नाळेत होडीची देवता वास करते अशी तांडेलाची श्रद्धा आहे, आणि नारळी पौर्णिमेला आपल्या होडीची पूजा बांधणाऱ्या कोळ्याला ती श्रद्धा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. या माणसांच्या हाती रोकड पडते, ती त्याच बेटावर खर्च होते, मुले शाळेत जातात. हे खोटे नाही.

पण सॅकवाला हा एकटा येत नाही. तो मोठ्या फौजेच्या पुढे धावणारा टेहळ्या आहे. सामुईचे उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तेथे पहिले सॅकवाले पोहोचले ते नारळ वाहणाऱ्या गलबतांतून, कारण ते बेट म्हणजे एक अफाट माडबन होते आणि माडावरून नारळ उतरवण्याच्या कामी शिकवलेली माकडे वापरीत. १९८९ साली तेथे विमानतळ झाला. त्यानंतर जे घडले ते कोणत्याही मामलेदाराने जमाखर्चाच्या वहीवरून आधीच वर्तवले असते: झोपड्यांच्या जागी बंगले, बंगल्यांच्या जागी हॉटेले, पाण्याची टंचाई, साचून राहिलेल्या कचऱ्याचे डोंगर, आणि अलीकडे एका गाजलेल्या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेचे चित्रीकरण तेथे झाल्यामुळे आणखी एक लाट. आणि पहिला सॅकवाला? तो ‘सामुई बिघडले’ असे म्हणत शेजारच्या फांगानला गेला, फांगानला हाद रिन किनाऱ्यावरचे पौर्णिमेचे नाचगाणे हजारोंच्या जत्रेत रूपांतरित झाल्यावर ताओला गेला, आणि ताओला पाणबुडीचे वर्ग दाटीवाटीने उभे राहिल्यावर पश्चिम किनाऱ्याकडे वळला. प्रत्येक बेट बिघडल्याचा पुरावा त्याच्या रोजनिशीत आहे. बिघडवणाऱ्यांच्या यादीत स्वतःचे नाव तेवढे तो लिहीत नाही.

या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे माया बे. फी फी ले या निर्मनुष्य बेटाच्या पोटात, तिन्ही बाजूंनी चुनखडीच्या उभ्या कड्यांनी वेढलेला हा लहानसा उपसागर आहे. बेटावर वस्ती म्हणावी अशी नाही. तेथील गुहांतून पाकोळ्यांची खाद्य घरटी काढण्याचा मक्ता दिलेला असतो, आणि मक्तेदाराची माणसे बांबूच्या परांच्यांवर चढून ठरलेल्या हंगामात ती घरटी उतरवतात. अॅलेक्स गार्लंड नावाच्या इंग्रज लेखकाने १९९६ मध्ये ‘द बीच’ ही कादंबरी लिहिली. सॅकवाल्यांची एक टोळी जगापासून लपवलेल्या एका किनाऱ्यावर स्वर्ग वसवते आणि मग स्वतःच त्याचा नरक करते, असे तिचे कथानक. त्या कादंबरीवर चित्रपट काढायचे ठरले, आणि लपलेला स्वर्ग म्हणून माया बेची निवड झाली. तो किनारा हॉलिवुडच्या कल्पनेतील स्वर्गाला पुरेसा शोभत नव्हता. म्हणून १९९९ मध्ये चित्रपट कंपनीने वाळूच्या टेकड्यांत यंत्रे घातली, मूळची झुडपे उपटली आणि माड लावले, म्हणजे निसर्गाला निसर्गाचा वेष चढवला. स्थानिक लोकांनी कोर्टात धाव घेतली. तो खटला वरच्या आणि खालच्या कोर्टांतून २०२२ पर्यंत रेंगाळला. एका मुदतबंद चित्रीकरणाने केलेल्या हानीचा निकाल लागायला दोन तपांच्या आसपास काळ लागावा, हे वाचून आमच्या दिवाणी कोर्टांतील पक्षकारांना परकेपणा वाटू नये.

चित्रपट २००० साली जगभर दाखवला गेला, आणि ज्या कथेचे सारे तात्पर्य ‘येथे येऊ नका’ असे होते ती पाहून लोक तेथे येण्यास निघाले. वाटेत २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. शेजारचे फी फी डॉन हे वस्तीचे बेट म्हणजे दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची अरुंद पट्टी, आणि सारी बाजारपेठ त्या पट्टीवर. लाट दोन्ही बाजूंनी आली आणि पट्टी धुऊन गेली. पुढे जे बांधले गेले ते पूर्वीपेक्षा अधिक दाट. होता होता माया बेच्या त्या इवल्या किनाऱ्यावर दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे येऊ लागली. वेगवान होड्या थेट वाळूपर्यंत येत, नांगर प्रवाळांवर पडत, पंखे तळाची वाळू उडवीत आणि ती वाळू जिवंत प्रवाळांवर बसे; उरलेले काम माणसांचे पाय आणि अंगाला फासलेली उन्हाची मलमे करीत. त्या मलमांतील काही रसायने प्रवाळांना घातक आहेत, म्हणून २०२१ मध्ये थाई सरकारने सागरी राष्ट्रीय उद्यानांत त्यांना मज्जाव केला, आणि दंडाची मर्यादा एक लाख बाथपर्यंत ठेवली.

मग २०१८ च्या जूनमध्ये ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा सारा इतिहास मी सांगितला. कासेत्सार्त विद्यापीठातील सागरशास्त्रज्ञ थोन थामरोंगनावासावात यांच्यासारख्या अभ्यासकांनी धरलेला आग्रह मान्य करून सरकारने माया बे बंद केला. आरंभी चार महिन्यांची मुदत होती. तपासणीअंती ती वाढवण्यात आली, आणि मध्यंतरी महामारीनेही हात दिल्यामुळे उपसागर २०२२ च्या जानेवारीपर्यंत माणसांना मिटलेला राहिला. या काळात हजारो प्रवाळखंड हातांनी पुन्हा लावण्यात आले, आणि काळ्या पंखटोकाच्या मुशा, ज्यांनी तो उथळ पाण्याचा प्रदेश सोडल्यात जमा होता, त्या परतल्या. आता तेथे होडीला समोरून प्रवेश नाही. ती बेटाच्या मागील बाजूस तरंगत्या धक्क्याला लागते, तेथून लाकडी पुलावरून चालत यावे लागते, एका वेळी सुमारे पावणेचारशे माणसांना सोडतात, तास भरला की बाहेर काढतात, आणि पोहण्यास बंदी आहे. शिवाय दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने उपसागर पूर्ण बंद असतो. माझ्या मते यांतील संख्या, तास आणि पूल या तरतुदी दुय्यम आहेत. खरी किंमत आहे ती त्या दोन महिन्यांची.

कारण ते दोन महिने म्हणजे काही आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा शोध नव्हे. त्या देशाची ती जुनी वहिवाट आहे, आणि आपलीही. थायलंडमधील बौद्ध भिक्षू आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एकाच विहारात राहतात. एरवी गावोगाव हिंडणारा भिक्षू त्या काळात रात्रीचा मुक्काम हलवत नाही, आणि कितीतरी थाई तरुण आयुष्यात एकदा, तेवढ्या काळापुरती दीक्षा घेऊन, हा वर्षावास पाळतात. ही प्रथा येथूनच तिकडे गेली. विनयपिटकाच्या महावग्गात तिचे कारण नमूद आहे, आणि ते ध्यानधारणेचे नाही. पावसाळ्यातही हे श्रमण हिंडत राहतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात, इतर पंथांचे साधू तरी एका जागी बसतात आणि पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. आणि ती तक्रार रास्त मानून बुद्धाने वर्षावासाचा नियम घालून दिला. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मगधातील रयतेने केलेला अर्ज हा पर्यटनाविरुद्धचा अर्ज होता, आणि तो मंजूर झाला. आपला चातुर्मास, जैन साधूंचा चातुर्मास, ही याच हवामानाची आणि याच विवेकाची अपत्ये.

समुद्रावरच्या माणसांनाही हे ठाऊक होते. सुरिन बेटांच्या परिसरात मोकेन नावाचे सागरी भटके लोक राहतात. कोरडा हंगाम ते आपल्या लाकडी होड्यांवर काढीत आणि पावसाळा आला की किनाऱ्यावर तात्पुरत्या झोपड्या बांधून थांबत. २००४ मध्ये समुद्र अचानक मागे हटला तेव्हा वडीलधाऱ्यांनी पूर्वजांची गोष्ट आठवून सगळ्यांना डोंगरावर नेले आणि त्यांची वस्ती वाचली, ही हकीकत सर्वविश्रुत आहे. ते पावसाळ्यात थांबत, ही हकीकत मात्र कोणी सांगत नाही. मासेमारीतही तोच न्याय. सामुई-चुम्फोनच्या समुद्रात फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दरवर्षी मासेमारीवर निर्बंध असतात, कारण तो ‘प्लाथू’ या माशाच्या विणीचा काळ. आणि प्लाथू म्हणजे आपल्या बांगड्याचा अगदी सख्खा चुलतभाऊ. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या वर ओढून ठेवतात ते कशासाठी, हे रत्नागिरीच्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. बांगड्याला विणीसाठी सुटी मिळते, आणि ज्या प्रवाळांत कितीतरी माशांची पिल्ले वाढतात त्या प्रवाळांना ती मिळत नाही, हा व्यवहार कोणत्या तर्कात बसतो?

पूर्वी हा नियम कागदावर लिहिण्याची गरज नव्हती, कारण तो पाऊसच अंमलात आणीत असे. द्वीपकल्पाच्या पश्चिमेच्या अंदमान समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते ऑक्टोबर घोंघावतात. पूर्वेच्या आखातातील सामुई-फांगानवर मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो. निसर्गाने दोन्ही बाजूंना आळीपाळीने रजा दिली होती. आजच्या प्रवाशाने तिचा उपयोग रजा चुकवण्याकडे केला: एका किनाऱ्यावर ढग आले की बस धरून दुपारपर्यंत दुसऱ्या किनाऱ्यावर, आणि ज्या लाटांत जुनी होडी सुटत नसे त्या लाटांत दोन कण्यांची भक्कम जलद बोट बेलाशक सुटते. ऋतू हटले नाहीत, आम्ही ऋतूंना वळसा घातला. म्हणून आता तोच नियम हुकूमनाम्याने लावावा लागतो. तो लावता येतो हे सुरिन आणि सिमिलान या बेटसमूहांनी दाखवून दिले आहे. तेथील राष्ट्रीय उद्याने १६ मे ते १४ ऑक्टोबर पूर्ण बंद असतात, आणि सिमिलानवर तर २०१८ पासून दिवसाला ३,३२५ माणसांची मर्यादा असून रात्रीचा मुक्काम बंद झाला आहे. ताचाई हे बेट २०१६ मध्ये बेमुदत बंद केले गेले. यामुळे थायलंडचे राज्य बुडाले नाही.

यावर तांडेलाच्या पोटाचे काय, हा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. २०१८ मध्येच फिलिपाइन्सच्या सरकारने बोराकाय हे बेट सहा महिने बंद केले. अध्यक्ष दुतेर्ते यांनी त्या बेटाला गटारकुंड म्हटले, आणि थोड्याच आठवड्यांत, २६ एप्रिलला, पाहुण्यांना बेट मिटले. समुद्रात सोडले जाणारे सांडपाणी थांबवणे आवश्यक होते यात शंका नाही. पण हजारो वाढपी, मोलकरणी, होडीवाले ऐन हंगामात बेकार झाले, कारण ती बंदी पंचांगात नव्हती, ती फर्मानासारखी येऊन आदळली. नियमित विश्रांती आणि अकस्मात टाळे यांत हाच फरक आहे. आमच्या कोळीवाड्यात जून-जुलैची झळ लागतेच. पण ती येणार हे वर्षभर आधी ठाऊक असल्यामुळे त्या दोन महिन्यांत जाळी विणली जातात, होड्यांना रंग लागतो, आणि सरकारकडे मदतीची मागणी करायची ती कोणत्या तारखेसाठी, हेही निश्चित असते. दुसरे असे, की एकटा उपसागर बंद करून भागत नाही. एक बंद केला की तेथील होड्या शेजारच्या उपसागरात जातात आणि तेथील प्रवाळ दुप्पट वेगाने मरतात. बंद करायचा तो संपूर्ण बेटसमूह, पाळीपाळीने.

शुल्क वाढवावे असे सुचवणाऱ्यांशी माझे जमत नाही. थायलंडमध्ये उद्यानाचे शुल्क परदेशी माणसाला स्थानिकाच्या कितीतरी पट आहे, बालीने २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपियांची पट्टी बसवली आहे; या रकमा प्रवाशाच्या खर्चात विरघळून जातात आणि गर्दी तसूभरही कमी होत नाही. त्या खरोखर जाचक होतील इतक्या वाढवल्या, तर सॅकवाले जोडपे घरी बसेल आणि खाजगी नौकेतून येणारा धनिक तेवढा येत राहील. महसूल वाढेल हे कबूल; प्रवाळ वाचणार नाहीत. बंद महिन्यांचे वैशिष्ट्य हे, की ते श्रीमंत आणि गरीब दोघांनाही सारखेच बंद असतात.

राहता राहिले जोडपे. त्याने बेटे मोजू नयेत असे मी म्हणतो ते केवळ प्रवाळांच्या कळवळ्याने नव्हे, त्याच्या स्वतःच्या हिताचेही ते आहे. दर दोन दिवसांनी बेट बदलणाऱ्याच्या रजेतील किती वेळ धक्क्यावरच्या रांगेत, छातीला चिकटवलेल्या रंगीत बिल्ल्यांत, सॅकच्या ढिगातून आपली सॅक ओळखण्यात आणि नव्या खोलीचा पंखा कोणत्या बटणाने लागतो हे शोधण्यात जातो, याचा हिशेब त्याने एकदा मांडावा. शिवाय बेट पहिल्या दोन दिवसांत काहीच सांगत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज कशी सरकते, मशिदीची बांग आणि होड्यांचा आवाज यांचे नाते काय, कोणत्या दिवशी बर्फाचा आणि मासळीचा बाजार भरतो, पाण्याचे टँकर कोठून येतात आणि कचऱ्याची गाडी कोठे जाते, या गोष्टी राहणाऱ्यालाच दिसतात. आणि दोघांतील संभाषणाचे म्हणाल, तर रोज तिकिटांविषयी बोलणारे जोडपे आणि सहाव्या दिवशी बोलण्याचे सर्व व्यावहारिक विषय संपलेले जोडपे यांत खरी सहल कोणाची झाली, हे ठरवण्यास विवाहाचा फारसा अनुभव लागत नाही.

येथे एक तिरकस गोष्ट आठवते. लीपेला जाताना वाटेत तारुताओ नावाचे मोठे जंगली बेट लागते. १९३३ च्या बोवोरादेत बंडातील राजबंदी १९३९ मध्ये तेथे ठेवण्यात आले. पुढे त्यांना आज पाणबुड्यांनी गजबजलेल्या को ताओवर हलवले. ज्या समुद्रात आपले काळे पाणी होते तोच तारुताओभोवतीचा हा अंदमान समुद्र, आणि बेट निवडण्याचे कारणही तेच, की येथून कोणाला सुटता येऊ नये. त्या बंद्यांत सो सेथापुत्र नावाचा एक विद्वान होता. त्याने बंदिवासातच इंग्रजी-थाई कोशाचे प्रचंड काम चालवले, आणि तो कोश पुढे पिढ्यान्‌पिढ्या थाई विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. सहलीची कैदेशी तुलना करण्याइतका अविचारी मी नाही. पण जेथून जाता येत नव्हते तेथे एक शब्दकोश झाला, आणि जेथून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची बोट सुटते तेथे छायाचित्रे होतात, एवढे नोंदवून ठेवतो.

युरोपातून येणारा सॅकवाला निदान महिनोन्‌महिने मोकळा असतो. त्याचे भटकणे सैल असते. आमच्या जोडप्याची घाई निराळी आहे. पुण्या-मुंबईच्या कचेरीत वर्षाकाठी सलग आठ दिवसांची रजा मागताना साहेबाचा चेहरा कसा होतो हे ज्याने पाहिले आहे, तो त्या आठ दिवसांत मिळतील तेवढी बेटे गोळा करू पाहणाऱ्याला दोष देण्यापूर्वी क्षणभर थांबेल. दोष रजेच्या कंजूषपणाचा अधिक आहे. लांब रजा मिळू लागली तर बेटांवरचा भार हलका होईल, अशी माझी खात्री आहे. आणि जी गोष्ट थायलंडला सांगायची ती मालवणलाही सांगितली पाहिजे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तारकर्लीला पाणबुडीचा धंदा जोरात आहे, आणि आज तरी पावसाळ्यात समुद्र तो आपोआप बंद पाडतो, म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. पण अधिक भक्कम बोटी येथेही येतीलच, आणि त्या येण्यापूर्वी पावसाळी बंदी लेखी, तारीखवार आणि प्रवाळांच्या नावाने झालेली असावी, हे काम मत्स्यव्यवसाय खात्याने आणि वनखात्याने एकत्र बसून करण्याजोगे आहे.

दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. सुरिन आणि सिमिलान १५ ऑक्टोबरला उघडतात, आणि त्याच सुमारास सामुईच्या बाजूचा पाऊस सुरू होतो. तेव्हा पश्चिमेचा किनारा धरावा, लान्तासारखे एखादे ऐसपैस बेट निवडावे, खोलीचे भाडे आठवड्याच्या बोलीने ठरवावे (ते रोजच्या बोलीपेक्षा बहुधा कमी पडते), आणि जाण्या-येण्याची तिकिटे एकाच धक्क्याची काढावीत.